सुई आणि वस्तरा

आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांसाठी एक सागवानी खुर्ची होती. पाठीला वेताची जाळी, रुंद हात, दणकट पाय. ती ज्यानं करवून घेतली त्याला डॉक्टर म्हणजे तहसीलदार वाटत असावा. त्या खुर्चीवर आमचे साहेब कधी बसले नाहीत. तिच्यावर त्यांचा टॉवेल असायचा, एक जुनं वर्तमानपत्र असायचं आणि उरलेल्या जागेत दवाखान्याची मांजर झोपायची. नवा पेशंट आत आला की आधी मांजरीकडं बघायचा आणि मग भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचा, “डॉक्टर कुठं गेलेत?”

“इथंच आहे मी. बोला. पुढं?”

हे ‘पुढं’ त्यांचं पालुपद. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत ते पुढं सरकलेले असायचे.

“पोटात दुखतंय, सायेब.”

“पुढं?”

“पुढं म्या काय सांगू? पुढचं तुमी सांगा की!”

साहेब उभ्यानं तपासायचे, उभ्यानं लिहायचे. केसपेपर भिंतीला टेकवून औषध लिहीत असल्यामुळं त्यांच्या ओळी उताराला लागलेल्या बैलगाडीसारख्या उजवीकडं खाली जात. त्या कुठं जाऊन थांबल्या हे शोधायचं काम माझं, कारण मी तिथला कंपाउंडर. जेवणही उभ्यानंच. हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा, आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा. त्यांच्याशी महत्त्वाचं बोलायचं असेल तर त्यांच्याबरोबर चालावं लागे. वर्षभरात माझ्या चपलांच्या टाचा मी त्यांच्यापायी झिजवल्या.

एकदा मी विचारलं, “साहेब, खुर्चीचं काही वावडं आहे का?”

“बसलं की माणसाचे फक्त दंड दिसतात, कंपाउंडर.”

मला काही कळलं नाही. कळलं नाही तरी मान हलवायची सवय सरकारी नोकरीत पहिल्या महिन्यात लागते.

मी त्यांचा भक्त वगैरे नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडं तेव्हा सहकाराचा बहर होता. कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, आणि प्रत्येकाला एक चेअरमन, आणि प्रत्येक चेअरमनला एक जीप. दुष्काळ पडला की उसाचे वाढे वाळत, पण हार वाळत नसत. येरमाळ्याच्या अलीकडं हमरस्त्याला चिकटलेलं आमचं गाव. त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जीपसाठी कुणी ना कुणी फुलं घेऊन उभा असायचाच. या सगळ्याचा मला मनस्वी कंटाळा. पण साधेपणाचाही एक थाट असतो, आणि साहेबांची ती ठिगळाची चप्पल, ती रिकामी खुर्ची बघून मला वाटायचं, हा त्यातलाच प्रकार. चेअरमन जीपमधून उतरून दाखवतो, हे खुर्चीवर न बसून दाखवतात. एवढाच फरक.

सकाळच्या हजेरीचंही तसंच. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली रोज साडेआठला सगळ्यांनी गोल उभं राहायचं. सिस्टर, मी, आरोग्यसेवक, ड्रायव्हर, झाडूवाल्या मावशी. बोलायला सुरुवात मावशींनी करायची आणि साहेबांनी सगळ्यात शेवटी बोलायचं, असा दंडक. “वरच्यानं आधी तोंड उघडलं की खालच्याचं बंद होतं,” हे त्यांचं म्हणणं. मावशी पहिले काही दिवस नुसत्याच पदराशी चाळा करत. मग एकदा म्हणाल्या, “त्या ड्रेसिंगच्या खोलीतला बोळा दोन दिस झाले कुनी उचलंना. म्या उचलायची का सिस्टरनं, ते ठरवा.” ते ठरायला तासभर लागला. पण त्यानंतर बोळा कधी दिसला नाही, हेही खरं.

त्या हजेरीत आदल्या दिवशीचे सगळे पेशंट नावानिशी वाचले जात. रोगाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. कुजबुजायचं नाही. त्यामागं साहेबांचं शास्त्र होतं. ते आले तेव्हा महारोग्यांसाठी मागच्या अंगाला वेगळी खिडकी होती. साहेबांनी ती विटांनी बुजवली, सगळ्यांची रांग एक केली आणि रोगाचं नाव सर्दी-खोकल्याच्या आवाजात उच्चारायला सुरुवात केली. सहा महिने लोक बिचकले, मग कंटाळले. भीती कंटाळ्यानं मरते, हे त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवलं. म्हणूनच पुढची चूक झाली. जी युक्ती एकदा लागू पडते ती माणूस सोडत नाही.

ते टँकरचं वर्ष होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भागवत नावाचा ट्रक ड्रायव्हर मुंबईच्या एका दवाखान्यातून एक लिफाफा घेऊन आला. गावातल्या मोठ्या घरचा, तिशीतला गडी. छाती एवढी की दारातून तिरका व्हावा. आता त्याच छातीवर सदरा टांगल्यासारखा दिसत होता. साहेबांनी लिफाफा उघडला, उभ्या उभ्या वाचला, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा ‘पुढं’ म्हणाले नाहीत. त्या रोगाविषयी आम्ही तोवर फक्त पेपरात वाचलं होतं. औषध नव्हतं. साहेबांनी त्याच्या तोंडातले छाले बघितले, खोकला ऐकला, जुलाबासाठी मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते स्वतः करून दाखवलं, आणि म्हणाले, “याचं मूळ माझ्या हातात नाही. फांद्या मात्र मी छाटत राहीन. दर आठवड्याला यायचं.”

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली त्यांनी भागवतचं नाव आणि रोगाचं नाव, दोन्ही नेहमीच्या आवाजात वाचलं.

दुपारपर्यंत गावाला कळलं. कुणी सांगितलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. गोलात आम्ही सगळेच होतो. टँकर आला तेव्हा भागवतच्या आईची घागर बायांनी काठीनं बाजूला सरकवली. पण खरा निकाल लागला गुरुवारी, बाजारात.

बाजाराच्या दिवशी पारापाशी गोरोबा न्हावी बसायचा. एक लाकडी पेटी गिऱ्हाइकाला बसायला, एक पेटी हत्यारांची, आणि खिळ्याला टांगलेला आरसा. भागवत पेटीवर जाऊन बसला. गोरोबानं वस्तरा पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाला, “आज न्हाय जमायचं, पाटील.” पुढचं गिऱ्हाईक मागं उभं होतं. भागवत उठला आणि सरळ दवाखान्यात आला.

“दाढी घरीबी करता येती, साहेब,” तो म्हणाला. “माझ्याकडं सोलापूरचं यंत्र हाय. पण घरी केली की गावाला कळतंय, गोरोबानं परत पाठवला. आन वाढवली तर म्हणतेत, आता याचे दिवस भरले. पुढच्या शुक्रवारी बहिणीला बघायला पाहुणे येणारेत. पाहुणे आधी पारावरच चौकशी करतेत. मला दुसरं काय नको. पुढच्या गुरुवारी मला त्या पेटीवर बसायचंय.”

साहेबांच्या येरझाऱ्या थांबल्या. “तुझं नाव मी वाचलं. लिंबाखाली,” ते म्हणाले. “कुणी बाहेर नेलं ते शोधणार नाही. वाचलं मी.”

भागवतनं साहेबांकडं बघायचं सोडून मांजरीकडं बघितलं.

त्या दिवसापासून हजेरीत नावं वाचणं बंद झालं. ते सोपं होतं. अवघड होतं ते गोरोबाकडं जाणं. साहेब तसेच तणतणत निघाले आणि मी बरोबर, नव्हे, जरा पुढंच. त्यात माझा स्वतःचा एक हिशेब होता. आम्ही बौद्ध. माझ्या लहानपणी गोरोबाचा बाप आमच्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्याला हात लावत नसे. माझ्या वडिलांनी म्हणून एक कात्री आणली होती आणि ते स्वतः शिकून सगळ्या वस्तीचे केस कापायचे. माझ्या डोक्याला परक्या माणसाची कात्री लागली ती कॉलेजात गेल्यावर, औरंगाबादला. पुढं काळ बदलला, गोरोबा माझे केस कापू लागला, आणि मीही झालं गेलं म्हणून त्याच्यापुढं मान वाकवू लागलो. आता त्यानं मोठ्या घरच्या माणसाला पेटीवरून उठवलं, यात मला सुडाचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला फक्त माझ्या बापाची कात्री आठवली आणि डोकं तापलं.

साहेबांनी पारावर पोचताच व्याख्यान सुरू केलं. हात लावून हा रोग होत नाही, श्वासानं होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. गोरोबा वस्तरा दगडावर घासत ऐकत होता. अंगानं किरकोळ, डोळे मात्र बारीक आणि सावध.

“झालं, सायेब?” त्यानं विचारलं. “आता म्या बोलू का? राग न्हाय ना यायचा?”

“बोल.”

“रगतानं होतंय का हा रोग?”

“हो.”

“माझ्याजवळ वस्तरा एक. सकाळपासनं पंधरा-वीस दाढ्या होतेत. कुनाचं पुटकुळं कापतंय, कुनाचा तीळ. म्या वस्तरा पान्यात बुडवतो आन दुसऱ्याच्या गळ्याला लावतो. भागवतरावाला न्हाय म्हनलो तर त्याच्या मनाला लागंल. व्हय म्हनलो तर त्याच्या मागच्या गिऱ्हाइकाचं काय? तुमीच सांगा.”

साहेबांनी त्याच्या हातातल्या वस्तऱ्याकडं बघितलं. मीही. आम्ही विटाळ धुवायला निघालो होतो आणि समोर भलतंच काही निघालं. मला तर आणलेला सगळा राग कुठं ठेवावा ते कळेना.

“बरोबर आहे,” साहेब हळू म्हणाले. “या गावात शास्त्राचं बोलणारा तू पहिला भेटलास.”

गोरोबाला स्तुती पचली नाही. त्यानं वस्तरा मिटला. “मग आनखी एक इचारतो. तुमच्या दवाखान्यात सुई मानसागनिक वेगळी असतीया का? गेल्या महिन्यात म्या पोरीला घेऊन आलतो. लई गर्दी. सिस्टरबाईनं एकाला टोचली, कापसानं पुसली, आन तीच माझ्या पोरीला. मंग तुमचा दवाखाना आन माझी पेटी, फरक काय?”

याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते मीच देऊ शकत होतो, कारण सुया मीच उकळत असे. सकाळी एकदा. काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया स्टोव्हवर चढवायच्या, उतरवायच्या आणि मग गर्दीत स्पिरिटच्या बोळ्यावर दिवस काढायचा. सगळीकडं असंच चालायचं. कुठल्या कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, आणि कुठल्या साहेबानं विचारलंही नव्हतं.

“तुमी सुई बदला,” गोरोबा म्हणाला, “म्या वस्तरा बदलतो. मंग भागवतराव पयला बसू द्या.”

परतताना साहेब एवढे भराभर चालले की मला पळावं लागलं. दवाखान्यात येऊन त्यांनी स्टोव्हकडं बघितलं, सुयांच्या ट्रेकडं बघितलं, भिंतीला डोकं टेकवलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, “कंपाउंडर, सुया किती आहेत? बोथट धरून.”

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम. एक माणूस, एक उकळलेली सुई, एक उकळलेली पिचकारी. वापरली की परत पातेल्यात, वीस मिनिटं. सुया संपल्या की इंजेक्शन बंद, गोळी घ्या. गावात बोंब उठली. आमच्याकडं इंजेक्शन दिलं तरच डॉक्टर. गोळी किराणा दुकानदारही देतो. एक म्हातारी तर दंड उघडा करून दारात बसली. “दोन मैल चालत आले, आन हे खडू देतेत मला!” सिस्टर रडकुंडीला आल्या. मी रॉकेलसाठी भटकत होतो. साहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते, आणि लोक पहिल्यांदाच त्यांना विचारत होते, “पुढं?”

पुढं कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस होता. बुधवारी.

वाढदिवसानिमित्त आरोग्य शिबिर दवाखान्याच्या आवारात, हे महिनाभर आधीच ठरलेलं. मंडप पडला, ‘कुशल नेतृत्वास दीर्घायुष्य’ असा कापडी फलक लागला. कारखान्यानं ताकदीच्या इंजेक्शनांची खोकी पाठवली होती. प्रत्येकाला एक. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली होती. रांग आवाराच्या बाहेर, रस्त्यापर्यंत. आणि आमच्याकडं स्टोव्ह दोन.

सकाळी साहेब गोरोबाच्या घरी गेले आणि त्याला घेऊन आले. त्याला स्टोव्हपाशी उभा केला, हातात सिस्टरांचं गजराचं घड्याळ दिलं. “वीस मिनिटं झाली की तू ओरडायचं. तू ओरडल्याशिवाय सुई पातेल्याबाहेर निघणार नाही. मी मागितली तरी नाही.”

गोरोबानं धोतराला हात पुसले, घड्याळ छातीशी धरलं आणि पातेल्याकडं असा बघत राहिला की पाण्याला उकळायची लाज वाटावी. थोड्या थोड्या वेळानं त्याची आरोळी येई, “उकाळली रं!” की साहेब आणि सिस्टर टोचायला लागत. मग पुन्हा वीस मिनिटं रांग उन्हात उभी.

चेअरमनची जीप आली, हार झाले, एक भाषण झालं, दुसरं झालं. मुख्य क्षण म्हणून चेअरमनच्या हस्ते इंजेक्शनांचा प्रारंभ असं कार्यक्रमपत्रिकेत होतं. तो क्षण पातेल्यात उकळत होता. शेवटी चेअरमन स्वतः खाली उतरले. गोरेपान, भारदस्त गृहस्थ. आवाजात सतत लाऊडस्पीकर.

“डॉक्टर, लाईन का तुंबली?”

“सुया उकळतायत.”

“सकाळी उकळल्या नव्हत्या?”

“एकेका माणसामागं एकदा उकळतो.”

चेअरमनांची नजर गोरोबाकडं गेली. “आन हा काय करतोय हितं? न्हाव्याच्या हातात दवाखाना दिलाय का तुम्ही?”

“दिलाय. प्रश्न त्यानं विचारला होता.”

भोवती माणसं जमली होती. भागवतही होता, एका बाजूला, गालावर आठ दिवसांची दाढी घेऊन. चेअरमन हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “डॉक्टर, बहात्तर साली खडीच्या कामावर मी मुकादम होतो. तुम्ही कोवळे डॉक्टर होता, नोकरीत नवे नवे आलेले. पटकीची लस टोचायला टेबल मांडून बसला होता. एका सुईनं सगळी रांग टोचली होती तुम्ही. मी रांग लावून दिली होती. तेव्हा कोन मेलं सांगा की?”

साहेबांच्या हातातला कापूस खाली पडला. मी त्यांच्या शेजारी होतो. माझ्या मनात आलं, आता म्हणतील, ते दिवस वेगळे होते. मी असतो तर तेच म्हणालो असतो, आणि ते खोटंही नव्हतं.

“माहीत नाही,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज लिंबाखालच्या हजेरीतला होता. “कोण आजारी पडलं, कोण मेलं, मला माहीत नाही. मी बसलो होतो. माझ्यासमोरून फक्त दंड गेले. तोंडं मी बघितली नाहीत.”

समोरच्या रांगेत त्या सालचे कितीतरी दंड उभे असणार.

चेअरमननी आवाज खाली आणला. खालचा आवाज त्यांना शोभत नव्हता. “डॉक्टर, लोकं उन्हात हायेत. माझा कार्यक्रम बिघडला तर बदलीला एक फोन पुरतो.”

“करा,” साहेब म्हणाले. “पुढं?”

तेवढ्यात मागून आरोळी आली, “उकाळली रं!” आणि रांग पुढं सरकली. सगळी नाही. बऱ्याच जणांनी ट्रॉली गाठली, काही जण शिव्या देऊन गेले. चेअरमनही गेले, फलक राहिला. पण जे थांबले त्यांतले काही जण दंड उघडा करण्याआधी पातेल्यात डोकावून जात होते. मी नोकरीत एवढ्या सभा बघितल्या, श्रोत्यांनी वक्त्याचं पातेलं तपासल्याचं पुन्हा कधी बघितलं नाही.

चेअरमननी शब्द पाळला. उन्हाळा सरायच्या आत साहेबांची बदली कर्नाटकाच्या हद्दीकडं, पार टोकाला झाली. भागवत पुढच्या हिवाळ्यात गेला. त्याच्या बहिणीचं लग्न तोवर झालेलं होतं, त्या पाहुण्यांकडं नाही, पण झालं होतं. हे सगळं नंतरचं. मला सांगायचाय तो शिबिराच्या दुसऱ्या दिवशीचा गुरुवार.

साहेबांनी सोलापूरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडून नव्या पद्धतीचा वस्तरा मागवला होता, ज्यात अर्धं ब्लेड बसवता येतं. ज्याचं त्यानं ब्लेड आणायचं, काम झालं की गोरोबानं ते मोडून डब्यात टाकायचं. भर बाजारात भागवत पेटीवर बसला. गोरोबानं ब्लेडचा कागद सगळ्यांना दिसेल असा फाडला, ब्लेड मोडून अर्धं बसवलं, आणि साबणाचा फेस त्या खोल गेलेल्या गालांवर लावला. दाढी झाली. भागवतनं आरशात बघितलं, दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि उठला.

पेटी रिकामी झाली. मागं चार-पाच गिऱ्हाइकं होती. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं नवं ब्लेड होतं, आणि कुणी पुढं होईना. जो तो दुसऱ्याला म्हणत होता, “तू बस की.” गोरोबा फडका हातात घेऊन उभा. भागवत चार पावलांवर जाऊन थांबला होता, पाठमोरा. तो जात नव्हता आणि वळतही नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही खिशात ब्लेड होतं. कात्रीवाल्या बापाचा मी मुलगा. आणि तरी माझे पाय हलले नाहीत.

साहेब बाजाराच्या गर्दीतून नेहमीसारखे तरातरा आले. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि त्या पेटीवर बसले.

त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बसल्यावर ते भलतेच बुटके दिसत होते. बसायची सवयच नसल्यामुळं गुडघ्यांचं काय करावं ते त्यांना कळेना. पाय हलत होते, बोटं पेटीच्या कडेवर वाजत होती, मान भागवतकडं वळत होती. गोरोबानं नवं ब्लेड बसवलं, साहेबांची हनुवटी दोन बोटांत धरली आणि डोकं सरळ केलं.

“हलू नका, सायेब,” तो म्हणाला. “घटकाभर बसा आता.”